मारवा, ललत, श्री : विचित्र स्वरांचे राग गळ्यावर कसे चढवायचे

मारवा शिकवायला घेतला की दर वेळी हेच होतं. आरोह-अवरोह सगळ्यांना पाठ असतो, पेटीवर बोटं पण बरोबर पडतात, आणि थोडा वेळ आलाप केला की अर्धी मुलं षड्जावरून, म्हणजे सा वरून, सटकलेली असतात आणि त्यांना ते कळलेलंही नसतं. मग म्हणतात, ताई हा राग अवघडच आहे. अवघड आहे हे खरंच, पण कुठे अवघड आहे ते नीट कळलं तर प्रॅक्टिस करायची पद्धतच बदलते, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. आमच्या नाशिकमध्ये घरोघरी क्लास आहेत, गांधर्वच्या (गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या) संगीत परीक्षा देणारी मुलं भरपूर आहेत, आणि वरच्या परीक्षांना असे राग यायला लागले की बहुतेकजण तेच करतात, वहीत लिहिलेले स्वर खालून वर आणि वरून खाली घोकत बसतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की असा राग स्वरांच्या यादीतून गळ्यात येत नाही. तो तीन गोष्टींतून येतो, तानपुरा कसा लावलाय, कुठे थांबायचंय, आणि त्या रागातला तो एक वाकडा तुकडा, ज्याच्यामुळे तो राग वेगळा वाटतो. आधी तो तुकडा, यादी नंतर.

लिहिण्याची खूण आधी सांगून टाकते. सा रे ग म प ध नि म्हणजे षड्ज, रिषभ, गंधार, मध्यम, पंचम, धैवत, निषाद. स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल (रे॒), वर उभी रेघ म्हणजे तीव्र (म॑), खाली टिंब म्हणजे मंद्र (नि़), वर टिंब म्हणजे तार (सां). ही भातखंडे पद्धत झाली. घरात कुणाकडे पलुस्कर पद्धतीची जुनी पुस्तकं असतील तर सांभाळून वाचा, तिथे वरचं टिंब मंद्र सप्तकाचं असतं आणि तार सप्तकाला वर उभी रेघ असते, म्हणजे बरोबर उलटं वाचलं जातं आणि अख्खी बंदिश भलत्याच सप्तकात बसते.

आता विचित्र म्हणजे नक्की काय. पं. विष्णु नारायण भातखंडे (1860-1936) ह्यांनी 10 थाट (रागांचे मूळ स्वरसंच) लावले आणि रागाचे काही नियम मांडले, त्यातले तीन इथे कामाचे. रागात कमीत कमी पाच स्वर पाहिजेत, मध्यम आणि पंचम दोन्ही एकदम वर्ज्य (गाळलेले) नकोत, आणि एकाच स्वराची दोन रूपं एकामागोमाग लागून येऊ नयेत. हे नियम हिशोबापुरते नाहीत, कानाला आधार कुठून मिळतो ते त्यात आहे. सा धरून ठेवायला प किंवा म लागतो, आणि शेजारचे दोन अर्धे स्वर एकमेकांना चिकटून आले की गळा घसरतो. म्हणून जिथे जिथे राग ह्या नियमांच्या काठावर जातो किंवा सरळ नियम मोडतो, तिथे तिथे आपली फजिती होते. मालश्री घ्या, मुख्य स्वर सा ग प एवढेच, बाकीचे नुसते स्पर्शाला. ललत घ्या, दोन्ही मध्यम शेजारी-शेजारी. मारव्यात तर पंचम नाहीच, वर षड्जसुद्धा टाळत टाळत गायचा.

तानपुरा आधी बदला

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात आणि हे दुरुस्त करायला एक मिनिट पुरतं. मोबाईलमधलं तानपुरा ॲप उघडलं की ते प-सा-सा-सा वर असतं आणि लोक तसंच चालू करून मारवा गायला बसतात. म्हणजे जो स्वर रागात वर्ज्य आहे तोच कानात सतत वाजतोय! मारवा, पुरिया, सोहनी ह्यांना पहिली तार नि लावा (शुद्ध नि). मालकंसाला म. ललतला म लावतात, काहीजण नि लावतात, पण शिकताना मी म-च लावायला सांगते, का ते पुढे येईल. श्री रागात पंचम आहे आणि चांगला ठसठशीत आहे तेव्हा तिथे प ठेवा. जोग, केदार, गौडसारंग, मियाँ मल्हार ह्यांनाही प चालतो, केदारात म लावून बघा, तो मध्यम इतका खुलतो की विचारू नका.

आणि इअरफोन लावून गाऊ नका, छोटा स्पीकर घ्या आणि मागे ठेवा. गंगापूर रोडला राहत असाल तर संध्याकाळी हॉर्नचा आवाज असतोच, तरी खिडकी बंद करून स्पीकरवरच करा, कारण आपला आवाज आणि तानपुरा हवेत एकत्र मिसळलेला ऐकू आला तरच बेसूर कळतो.

मारवा : सा हरवतो कसा आणि सापडतो कसा

स्वर बघा, सा रे॒ ग म॑ ध नि. सहाच. चाल अशी, नि़ रे॒ ग म॑ ध, म॑ ध नि रें॒ नि ध, म॑ ग रे॒, नि़ ध़ सा. वर जाताना नि वरून थेट रे॒ वर जायचं, सा ओलांडायचा. थांबायचं कुठे, तर रे॒ वर आणि ध वर. सा येतो तो अगदी शेवटी, खूप वाट बघायला लावून.

आता ह्यातली गंमत पेटीवर करून बघा, कारण ही एकदा दिसली की मारवा कधीच विसरत नाही. काळी 1 (दोन काळ्यांच्या जोडीतली पहिली, तिच्या लगेच डावीकडे पांढरी 1) सा धरा. मग रे॒ म्हणजे पांढरी 2, ग पांढरी 4, म॑ पांढरी 5, ध काळी 5, आणि नि पांढरी 1. आता सा, म्हणजे काळी 1, काढून टाका आणि उरलेल्या पाच पट्ट्या पांढरी 2 ला सा समजून वाजवा. मालकंस! सरळ सरळ मालकंस. आणि तेच पाच स्वर काळी 5 पासून, म्हणजे मारव्याच्या धैवतापासून वाजवले तर भूप. म्हणजे मारव्यात सा गाळून तुम्ही रे॒ वर रेंगाळलात की कानाला वाटतं हाच सा आहे, कारण मालकंसाची सवय आहे, आणि ध वर रेंगाळलात की भुपाचा सा वाटतो, कारण भूप तर आपण अगदी सुरुवातीला शिकलेलो असतो. कान दोन्हीकडून ओढला जातो आणि खरा सा मधल्या मध्ये राहतो. मारव्यात जी अस्वस्थता आहे, ती सूर्य बुडताना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं ती, ती मला तरी ह्या ओढाताणीतूनच येते असं वाटतं. शिवाय वादी (रागातला मुख्य स्वर) रे॒ आणि संवादी (त्याच्या खालोखालचा) ध मानतात, आणि ह्या दोघांत सा-प किंवा सा-म सारखं स्वच्छ अंतरही नाही. म्हणजे आधाराचे दोन खांबसुद्धा एकमेकांशी जुळत नाहीत.

तर प्रॅक्टिस अशी करा. नि वरचा तानपुरा लावा, आणि आधी फक्त हा तुकडा, ध़ नि़ रे॒, रे॒ वर थांबायचं, जितका श्वास पुरेल तितकं, आणि थांबलेले असताना मनात सा ऐकत राहायचं, गायचा नाही. मग नि़ ध़ सा. हे इतकं करा की रे॒ वर उभं असताना खाली सा कुठे आहे ते डोळे मिटून सांगता येईल. मग दुसरी पायरी, तानपुरा बंद करा, दोन-तीन मिनिटं सा न घेता आलाप करा, थांबा, सा लावा, आणि आता तानपुरा चालू करून तपासा. पहिल्यांदा बहुतेकांचा सा रे॒ वर नाहीतर ध वर जाऊन पडतो. पडू दे. कुठे पडला ते वहीत लिहा, म्हणजे तुमचा कान मालकंसाकडे ओढला जातोय का भुपाकडे ते कळेल, आणि त्या बाजूला जास्त लक्ष देता येईल.

हे जमल्यावर मारवा-पुरिया-सोहनी एका बैठकीत घ्या. तिघांचे स्वर तेच सहा. पुरियात ग आणि नि वर बसायचं, मंद्रात जास्त काम करायचं. सोहनीत उत्तरांगात (सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात), तार सा च्या आसपास, ग म॑ ध नि सां, चपळ. मारव्यात रे॒ आणि ध. एकच तुकडा, समजा नि़ रे॒ ग, तिन्ही रागांत गाऊन बघा, पुरियात ग वर थांबायचं, मारव्यात ग ला नुसतं शिवून रे॒ वर परत यायचं. एवढ्या थांबण्याच्या फरकाने राग बदलतो हे स्वतःच्या गळ्यातून ऐकणं फार मोठी गोष्ट आहे, कितीही वाचलं तरी ते मिळत नाही.

ललत : दोन मध्यम आणि मधली घसरण

स्वर, सा रे॒ ग म म॑ ध॒ नि. पंचम नाही. वाकडा तुकडा हा, नि़ रे॒ ग म, म॑ म ग. भातखंडेंनी ललत मारवा थाटात घातला होता, शुद्ध धैवत धरून, पण आता बहुतेक सगळीकडे कोमल धैवतच ऐकू येतो, तेव्हा परीक्षेत थाट विचारला तर आपले गुरुजी जे मानतात ते धैवतासकट सांगा, नुसतं थाटाचं नाव सांगून मोकळे होऊ नका.

इथे अडचण मारव्यापेक्षा वेगळी आहे. म आणि म॑ दोन्हीला सरगममध्ये "म"-च म्हणायचं, त्यामुळे तोंड एक बोलतं आणि गळ्याने दोन वेगळे सूर लावायचे, आणि नवीन माणूस हमखास दोघांच्या मध्ये कुठेतरी तिसराच सूर लावतो. म्हणून ललत शिकताना सुरुवातीला सरगम नको, आकार (नुसत्या "आ"वर गाणं) करा. आणि हात वापरा, शुद्ध मध्यमाला तळवा सपाट, तीव्र मध्यमाला बोट वर. हे लहान मुलांचं वाटेल पण मोठ्यांनाही उपयोगी पडतं.

मुख्य म्हणजे शुद्ध मध्यम हा इथे घर आहे असं समजा. म्हणूनच मी तानपुरा म वर लावायला सांगितला. आता तो म च सा आहे असं क्षणभर धरून ललतचे स्वर मोजा. म झाला सा, म॑ झाला कोमल रे, ध॒ झाला कोमल ग, नि झाला तीव्र म, सा झाला प, रे॒ झाला कोमल ध, ग झाला शुद्ध नि. कोणता राग झाला? तोडी! ज्यांचा तोडी झालाय त्यांना म म॑ म हा तुकडा मग सा रे॒ सा इतका सोपा वाटायला लागतो, कारण गळ्याला ती जागा आधीच माहीत असते. दोन-चार दिवस असं करा, सूर पक्का झाला की ताबडतोब सोडून द्या आणि परत खऱ्या सा ला या, नाहीतर ललत गाता गाता तोडीच व्हायला लागेल. आणि तोडीचा गंधार फार खाली, अतिकोमल असतो, तो जसाच्या तसा ललतच्या धैवतावर आणून ठेवू नका.

नंतर ही ओळ, म॑ ध॒ म॑ म ग. तीव्र मधून शुद्ध मध्ये उतरताना मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) घ्या, तोडून लावू नका, आणि शुद्ध म वर थोडं टेकून मगच ग ला जा. घाईघाईने म॑ म ग रे॒ असं सरळ खाली आलं की सगळा ललत वाहून जातो. ताना तर खूप उशिरा घ्या. हे मी फार आग्रहाने सांगते कारण आजकाल मुलं पहिल्याच आठवड्यात यूट्यूबवर द्रुत (जलद लयीतलं गाणं) ऐकून तशाच ताना मारायला बघतात आणि दोन मध्यमांचा चिखल होतो.

ललतची वेळ पहाटेची. शक्य असेल तर त्या वेळेलाच रियाज करा. दिवाळीत पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेला लवकर जाऊन पुढे बसा, सकाळचे राग त्यांच्या वेळेला समोर बसून ऐकायची संधी शहरात कमी मिळते, आणि गायक म॑ वरून म वर येताना चेहरा, हात, श्वास काय करतो ते बघा.

श्री : उडीचा राग

सा रे॒ म॑ प नि सां, सां नि ध॒ प म॑ ग रे॒ सा. वर जाताना ग आणि ध॒ नाहीत. वादी रे॒, संवादी प. आणि ह्या रे॒ वरून थेट प वर उडी घ्यायची असते, रे॒ रे॒ प, म॑ ग रे॒, ग रे॒ रे॒ सा. ती उडी अवघड का, तर सा ते म॑ जेवढं अंतर जवळपास तेवढंच रे॒ ते प. सा वरून एकदम म॑ लावून बघा, गळा नको म्हणतो ना, तेच इथे आहे. शिवाय श्रीचा रे॒ खूप खालचा असतो त्यामुळे उडी अजून थोडी लांब होते. उपाय, आधी तानपुऱ्यातला प ऐका, तो तिथे तयार आहे, रे॒ गाताना लक्ष त्या प वर ठेवा, म्हणजे उडी मारायची राहत नाही, जाऊन मिळायचं असतं.

ह्यासाठी द. वि. पलुस्करांचं श्री रागाचं रेकॉर्डिंग शोधून ऐका. छोटंसं आहे, पण रे॒ आणि प चं नातं इतकं स्वच्छ क्वचित ऐकायला मिळतं. बापूराव, म्हणजे हे द. वि., आपल्या नाशिकचेच, 1921 चा जन्म इथला, आणि त्यांचे वडील पं. विष्णु दिगंबर, ज्यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते नंतर नाशिकला येऊन राहिले, पंचवटीत रामनाम आधार आश्रम काढला. ज्या गांधर्वच्या परीक्षा आपण देतो त्यांचं मूळ ह्याच घरात आहे आणि कित्येक परीक्षार्थींना हे ठाऊक नसतं, मला ह्याचं फार वाईट वाटतं. बापूराव 1955 मध्ये गेले, चौतीस वर्षांचं आयुष्य. जे ध्वनिमुद्रण आहे ते सगळं ऐका.

दोन गंधार, दोन निषाद

जोग सोपा आहे पण एक नियम पाळा. सा ग म प नि॒ सां, येताना सां नि॒ प म, ग म ग॒ सा. शुद्ध ग आणि कोमल ग च्या मध्ये म येतोच येतो, ग वरून सरळ ग॒ वर घसरू नका. कर्नाटक संगीतात ह्याच जागांचा हिशोब वेगळा आहे, आपण जिला कोमल ग ची पट्टी म्हणतो तिच्यापुढे शुद्ध ग येत असेल तर तिथे पहिलीला षट्श्रुती रिषभ म्हणतात, म्हणजे ती रे मध्ये धरतात, आणि तिकडच्या 72 मेळांपैकी (आपल्या थाटांसारखे स्वरसंच) 40 मेळ असे विवादी स्वरांचे आहेत. म्हणजे आपल्याला जे विचित्र वाटतं ते तिकडे पद्धतीत नीट बसवलेलं आहे.

गौडसारंग आणि केदार हे वेगळ्या जातीचे, स्वर ओळखीचे पण रस्ता वाकडा. गौडसारंग म्हणजे सा, ग रे म ग, प म॑ ध प, नि ध सां. एकही स्वर सरळ पुढे जात नाही. ह्याला युक्ती म्हणजे दोन-दोन स्वरांच्या जोड्या पाठ करायच्या, ग-रे, म-ग, प-म॑, ध-प, आणि ठेका धरून म्हणायच्या. केदारात सा वरून थेट म, मग म प ध प म, आणि ग फक्त सावलीसारखा, म च्या मींडेत. गंधार वेगळा काढून दाखवायला गेलात की केदार संपला.

इथे पेटीबद्दल एक सांगायलाच हवं. असे राग शिकताना पेटी फक्त सूर तपासायला घ्या, सोबतीला नको. पेटीवर मींड नाही आणि आंदोलन (स्वर हळूहळू झुलवणं) नाही, म्हणजे ललतमधली म॑ ते म घसरण नाही, केदारातला लपलेला ग नाही. सतत पेटीबरोबर गाणाऱ्या मुलांचा केदार तुकड्या-तुकड्यांचा होतो, हे मी खूपदा बघितलंय.

आणि नुसत्या वर्ज्य स्वरांवरूनही राग ठरवू नका. मालकंसात रे आणि प नाहीत हे आपण पहिल्या दिवशी शिकतो, पण जयपूर-अत्रौली घराण्यात संपूर्ण मालकंस गातात, रे आणि प घेऊन, किशोरीताईंचा (किशोरी आमोणकर) ऐका, तरी मालकंस मालकंसच राहतो कारण म आणि ध॒ वरची बैठक हलत नाही.

मियाँ मल्हार मुद्दाम शेवटी ठेवलाय. दोन्ही निषाद, आणि कोमल गंधार आंदोलित. वाकडा तुकडा नि॒ ध नि सा, मंद्रात. दोन निषादांच्या मधे ध आहे म्हणून नियम मोडत नाही, पण गळ्याला काम तेवढंच आहे. नि॒ वर आंदोलन घेत थोडं रेंगाळा, ध ला हलकं शिवा, मग नि, आणि नि वर अजिबात न थांबता सा. चुकून नि वर थांबलात तर मल्हाराचं वजन जातं आणि बहाराकडे झुकायला लागतो. गंधार म च्या बाजूने हलवायचा, ग॒ म रे सा, खालून नाही. हे मंद्रातलं काम खर्जात (अगदी खालच्या स्वरांत) आवाज असेल तेव्हाच होतं, म्हणून सकाळी खर्ज भरून झाल्यावर घ्या, आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाला की महिनाभर दुसरा राग हातात घेऊ नका.